दुरुस्त केलेली पत्रं

सकाळी ते चहाचा कप उचलत नसत. कप टेबलावर तसाच ठेवून, हात पाठीमागे बांधून, कपापर्यंत वाकत.

माणूस भेटला की आधी दात बघत, मग चेहरा. नावं विसरत, दात विसरत नसत. "ती नाही का, पुढच्या दोन दातांत फट असलेली," अशी माणसं त्यांच्या बोलण्यात येत.

अकराच्या आधी कुठे सही करत नसत. पार्सल घेऊन आलेल्या माणसाला सांगत, "वही ठेवून जा रे, माझा हात अजून उठलेला नाही."

जिना उतरताना कठडा धरत नसत. भिंतीला खांदा लावून उतरत. डाव्या बाहीवर कायम चुन्याचा पट्टा.

खिशात पेपरमिंट. दुसऱ्याला देताना दोन देत. एक कधीच नाही.

स्वतःचे दात चांगले होते, तरी हसताना तोंडावर हात.

फोन वाजला की पहिलं वाक्य, "झालंच आहे."

या सवयी मला आवडायच्या. मी त्या एका वहीत उतरवून ठेवल्या होत्या. कधीतरी या माणसावर लिहू, असं मनात होतं. साहित्य घेऊन पदवीधर झालेल्याला आजूबाजूच्या प्रत्येकावर लिहावंसं वाटतं. यातल्या निम्म्या गोष्टी आजाराच्या होत्या, हे मला दीड वर्षाने कळलं. तेही मी ओळखलं नाही. कुणाला तरी ते मला सांगावं लागलं.

कवळीकर हे त्यांचं आडनाव नव्हे. ते कवळ्या करत, म्हणून गल्लीने ते लावलं आणि त्यांनी ते मुकाट्याने लावून घेतलं. तळमजल्यावर त्यांची लॅब, वर त्यांचं घर, त्याच्या वर माझी भाड्याची खोली. लॅब म्हणजे एक लांबट खोली. खिडकीखाली टेबल. टेबलावर प्लास्टरची पांढरी धूळ, मेणाचे गुलाबी तुकडे, पातळ सुऱ्या आणि स्पिरिटचा एक दिवा. भिंतीवर फळ्या, फळ्यांवर प्लास्टरचे जबडे. पहिल्यांदा आत गेलेला माणूस दचकायचाच. कवळीकर म्हणत, "घाबरू नकोस, यातलं कुणी चावत नाही. सगळे बाद झालेले आहेत."

डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप पाठवत. त्यावरून कवळीकर साचा ओतत, मेणाची हिरडी करत आणि तिच्यात एकेक दात बसवत. दात दुकानातून पट्ट्यांवर येत. पुढचे सहा एका पट्टीवर, मागचे आठ दुसऱ्या. दिव्यावर सुरी गरम करायची, मेण वितळवायचं, चिमट्याने दात उचलायचा, ठेवायचा, जरासा कलवायचा. "सगळे दात सरळ बसवले तर माणूस खोटा दिसतो," ते म्हणत. "एक कुठला तरी वाकडा बसवावा लागतो. कुठला ते मी सांगणार नाही."

आमची ओळख माझ्या चष्म्यामुळे झाली. काडी निखळली होती. मी खाली गेलो.

"काका, एखादा बारीक स्क्रू ड्रायव्हर मिळेल?"

"काका कुणाला म्हणतोस? माझे सगळे दात माझे आहेत."

तेव्हापासून मी त्यांना दादा म्हणू लागलो. त्यांनी काडी बसवली आणि सांध्यावर कवळीचा गुलाबी मसाला लावला. वाळल्यावर म्हणाले, "घे. तुझ्या चष्म्याला हिरडी आली." ती हिरडी अजून आहे.

मी छापखान्यात मुद्रितं तपासायचं काम करतो. सहाला सुटलो की वर जाण्याआधी लॅबमध्ये बसायचो. ते काम करत, मी बोलत असे. मी काय वाचतोय ते विचारत आणि खरंच ऐकत. माझ्या घरच्यांनी कधी विचारलं नव्हतं. त्यांच्यात आणि माझ्यात बावीस वर्षांचं अंतर होतं, पण मला तिथे लहान वाटायचं नाही.

एका संध्याकाळी ते म्हणाले, "तू त्या कोपऱ्यावरूनच येतोस ना? माझं एक काम करशील?"

मी केलं. मग करत राहिलो. मुद्रितांच्या पिशवीत बाटली आडवी बसायची. दुकानदार मला ओळखू लागला. मला त्यात काही गैर वाटलं नाही. मोठ्या माणसाने विश्वासाने सांगितलेलं काम, एवढंच वाटलं. थोडा अभिमानही वाटला असेल.

पिऊन ते कधी पडले नाहीत. कधी आवाज चढवला नाही. उलट पिऊन त्यांचा हात स्थिर व्हायचा, हे मी डोळ्यांनी बघत होतो. लॅबला वास यायचा, तो मी दिव्यातल्या स्पिरिटच्या नावावर टाकायचो. दारू पिणारा माणूस कसा असतो याचं माझ्याकडे पुस्तकातलं चित्र होतं. ते यांच्याशी जुळत नव्हतं. मी चित्रावर विश्वास ठेवला.

एका बुधवारी एक कवळी परत आली. डबीत डॉक्टरांची चिठ्ठी होती. पुढच्या दातांतले मधले दोन अदलाबदल झाले होते. डावा उजवीकडे, उजवा डावीकडे. मला दाखवलं असतं तर कळलंही नसतं. पण डबी वहिनींनी, दादांच्या बायकोने, उघडली. वहिनी आणि कवळीकर तरुणपणी एकाच लॅबमध्ये हे काम शिकले होते. म्हणूनच त्या त्यांना कधी 'अहो' म्हणाल्या नाहीत. "ज्याने माझ्या समोर पहिल्या दिवशी बोट भाजून घेतलं, त्याला अहो काय म्हणायचं," त्या म्हणत.

त्या डबी घेऊन माझ्या खोलीवर आल्या. दारातच उभ्या राहिल्या.

"हे काम शिकणारी पोरं पहिल्या आठवड्यात अशी चूक करतात. दुसऱ्या आठवड्यात नाही."

मी म्हणालो, "दादा दमले असतील."

"तू आणून देतोस ना त्याला?"

मी दारामागे टांगलेल्या मुद्रितांच्या पिशवीकडे पाहिलं.

"मी भांडायला आले नाही. तू नाही आणलीस तर तो स्वतः जाईल, त्या जिन्यावरून जाईल, म्हणून मीही गप्प राहिले. आता बस झालं." त्या डबीचं झाकण उघडत होत्या, लावत होत्या. "त्याचं लिव्हर सुजलंय. डॉक्टर म्हणाले, अजून वेळ आहे, पण फार नाही. हे सांगून चार महिने झाले."

"दादांना माहीत आहे?"

"त्यानेच रिपोर्ट आणला. फळीवर एका जबड्याखाली ठेवलाय. जड असतो ना तो, कागद उडत नाही."

मी विचारलं, शपथ वगैरे घालून पाहिली का.

"झाल्या रे शपथा. माझी झाली, पोरीची झाली, त्याच्या ताईंची झाली. आता शपथ घ्यायला घरात माणूस उरलं नाही." मग म्हणाल्या, "शनिवारी मोकळा आहेस का? एका बाईंकडे जायचंय. तो तुझं ऐकतो. तुझ्याशी बोलतो तेवढं आमच्याशी बोलत नाही."

बाई समुपदेशन करत. दवाखान्याच्या वर त्यांची खोली होती. प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर घड्याळ, बाकी काही नाही. आम्ही चौघं गेलो. वहिनी, मी, कवळीकरांची सतरा वर्षांची मुलगी आणि त्यांची थोरली बहीण. बहिणीला सगळे ताई म्हणत. हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात तीस वर्षं काम करून निवृत्त झालेल्या. आवाज यंत्रांच्या वरून बोलायची सवय असलेला.

बाईंनी ते किती पितात हे विचारलंच नाही. म्हणाल्या, "त्यांच्यासाठी तुम्ही काय काय करता?"

ताई म्हणाल्या, "बाळ्या माझ्याकडे येतो तसल्या अवस्थेत. मी त्याला झोपवते, कपडे धुते आणि हिला फोन करते की गप्पा मारत बसलाय."

"मला कळायचं," वहिनी म्हणाल्या.

"मलाही कळायचं की तुला कळतंय."

मुलगी म्हणाली, "मी मैत्रिणींना घरी आणत नाही."

वहिनींनी खुर्ची जराशी पुढे ओढली. मग म्हणाल्या, "डॉक्टरांचा फोन आला की मी सांगते त्याला ताप आहे. आणि सकाळी दात बसवताना मी त्याचं मनगट धरते. खालून, दोन बोटांनी. तोपर्यंत त्याने घेतलेली नसते, हात थरथरतो. मी धरलं की दात बसतो. आम्ही त्याबद्दल बोलत नाही. मी धरते, तो बसवतो."

"किती दिवस?"

"तीन वर्षं."

माझी पाळी आली. मी म्हणालो, "मी काही नाही. मी फक्त गप्पा मारतो." वहिनींनी माझ्याकडे पाहिलं नाही.

बाई म्हणाल्या, "तुम्ही सगळ्यांनी मिळून त्यांना उभं धरलंय. म्हणून ते पडत नाहीत, आणि पडत नाहीत म्हणून त्यांना काही झालंय असं वाटत नाही." मग त्यांनी पद्धत सांगितली. प्रत्येकाने एक पत्र लिहायचं. जे डोळ्यांनी पाहिलं ते लिहायचं, कोणत्या दिवशी पाहिलं ते लिहायचं. माया असेल तर तीही लिहायची. शिव्या नकोत, उपदेश नको. सगळ्यांनी एकत्र बसून त्यांच्यासमोर वाचायचं. शेवटी एकच प्रश्न. आज येतोस का?

"आणि हो म्हणाला तर?" ताईंनी विचारलं.

"तर चहासुद्धा टाकायचा नाही. उठायचं आणि निघायचं. बॅग आधी भरलेली हवी, गाडी खाली हवी. उपचार केंद्रात मी खाट राखून ठेवते. आणि एक लक्षात ठेवा, त्याआधी घरच्या घरी दारू एकदम तोडायला लावू नका. इतकी वर्षं पिणाऱ्याला फिट येऊ शकते. तिथे डॉक्टर असतात."

"आणि नाही म्हणाला तर?" मुलीने विचारलं.

"तर प्रत्येकाने सांगायचं, उद्यापासून मी काय करणार नाही. आणि मग खरंच करायचं नाही. हे जास्त अवघड आहे."

पत्रं तीन दिवसांत लिहून झाली. वहिनींनी आणि ताईंनी ती माझ्याकडे आणून दिली. "शुद्धलेखन बघ जरा," ताई म्हणाल्या, "बाळ्या हसायला नको."

मी शुद्धलेखन बघितलं. तिथे थांबलो नाही.

वहिनींचं पत्र सात-आठ ओळींचं होतं. त्यात मंगळवार होता, जिना होता, 'मला माझी लाज वाटते' असं वाक्य होतं. मला ते विस्कळीत वाटलं. मी मंगळवार काढला. जिन्याच्या 'काळोखात उतरणाऱ्या पायऱ्या' केल्या. ताईंच्या चार ओळींची दीड पानं केली. दुसऱ्याचं वाक्य हातात आलं की मला राहवत नाही, रोजचं कामच ते आहे. वाचून माझे मलाच डोळे भरून आले. वहिनींनी वाचलं आणि म्हणाल्या, "छान झालंय." मग थोडं थांबून, "मी असं म्हटलं होतं का?" मी म्हणालो, अर्थ तोच आहे.

मुलीने तिचं पत्र दाखवलं नाही.

माझं पत्र सगळ्यात चांगलं होतं. त्यात बाटल्या नव्हत्या.

रविवारी सकाळी साडेआठला आम्ही त्यांच्या बैठकीच्या खोलीत जमलो. कवळीकर आंघोळ करून आले आणि आम्हाला बघून थबकले. बाई कोपऱ्यातल्या खुर्चीत होत्या. सोफ्यामागे बॅग होती. त्यांनी बॅग पाहिली.

"कोण चाललंय?" ते म्हणाले. ते खाली बसले. हात मांड्यांखाली दाबून बसले.

वहिनींनी वाचायला सुरुवात केली. आवाज त्यांचा होता, पण शब्द माझे होते. दुसऱ्या परिच्छेदात कवळीकरांनी मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. मग पुन्हा खाली. ताईंची पाळी आली. त्या एकेक शब्द मोठ्याने, शाळेत वाचावा तसा वाचत होत्या. "तू काळोखाच्या कडेला उभा आहेस आणि आमचे हात..."

कवळीकर हसले. तोंडावर हात न ठेवता हसले.

"ताई, तू जन्मात कधी काळोख म्हणालीस का? तू 'लाइट गेली' म्हणतेस."

ताईंचा कागद खाली आला.

"छान लिहिलंय," ते मला म्हणाले. "सगळी पात्रं एकाच माणसासारखी बोलतात, तेवढं बघ. बाकी बसवा नाटक." ते उठले. भिंतीला खांदा लावून खाली उतरल्याचा आवाज आला. मग लॅबचं कुलूप उघडल्याचा.

मी वर बघू शकत नव्हतो. ताई म्हणाल्या, "तरी मला वाटलंच. मला तो शब्द उच्चारायलाही येत नव्हता." त्या चिडल्या नव्हत्या. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं.

वहिनी म्हणाल्या, "झालं. संपलं."

"काय संपलं?" बाई कोपऱ्यातून म्हणाल्या. "प्रश्न तर अजून कुणी विचारलेलाच नाही."

आम्ही खाली गेलो. कागद वरच राहिले.

कवळीकर टेबलाशी बसले होते. दिवा पेटवलेला होता. समोर एक वरची कवळी होती, पुढचे सहा दात आदल्या दिवशी बसवून झालेले. मागच्या आठांची पट्टी शेजारी. "सोमवारी द्यायची आहे," ते आमच्याकडे न बघता म्हणाले. "एका शिक्षिकाबाईंची. दोन महिने तोंडावर रुमाल धरून फिरतायत."

मग त्यांनी काही शोधल्यासारखं प्लास्टरच्या पिंपाकडे पाहिलं. पिंपाच्या झाकणावर ताई बसल्या होत्या. त्यात बाटली असते हे त्यांना माहीत नव्हतं. पाय दुखले म्हणून बसल्या होत्या.

वहिनी बोलल्या. हातात काही नव्हतं.

"त्या मंगळवारी तू जिन्यात बसलास. तुला उठता येत नव्हतं. तू 'अगं, अगं' म्हणत होतास. मी दाराच्या आतच उभी होते. मी दार उघडलं नाही. पोरगी अभ्यासाला बसली होती, तिला दिसू नये असं वाटलं. अर्धा तास मी तशी उभी होते, तू माझ्यापासून चार पायऱ्यांवर. मला माझी लाज वाटते. मला पुन्हा तसं उभं राहायचं नाही."

सुरी तापत होती.

ताई म्हणाल्या, "तू माझ्याकडे झोपतोस तेव्हा मी तुझ्या नाकापुढे बोट धरून बघते. दर वेळी. आता माझ्याकडे यायचं ते शुद्धीत ये. तसा आलास तर दार लावून घेईन, आणि रडेन बाळ्या, पण लावून घेईन."

मग सगळे माझ्याकडे बघत नव्हते, तरी मला वाटलं बघतायत.

"बाटल्या मी आणत होतो," मी म्हणालो. "कोपऱ्यावरून. आठवड्याला दोन, मग तीन. बाईंना मी खोटं सांगितलं. आता आणणार नाही."

ताईंनी वळून पाहिलं. "तू? एवढी पुस्तकं वाचतोस ना रे तू?"

कवळीकर म्हणाले, "त्याला बोलू नको. मी सांगितलं, त्याने केलं."

मुलगी पुढे आली. तिच्या खिशातलं पत्र तिने काढलं नाही. टेबलाच्या कडेला हात ठेवून म्हणाली, "बाबा, आज येतोस का?"

ते तिच्याकडे बघत राहिले. मग कवळीकडे.

"येतो. एवढे आठ दात लावतो आणि येतो. अर्ध्या तासाचं काम आहे."

आम्हाला सगळ्यांना कळलं. बाई दारात उभ्या होत्या, त्यांना कळलं. अर्धा तास कधी संपला नसता. आणि अडवायलाही जीभ रेटेना, कारण माणूस कामच तर मागत होता.

त्यांनी सुरीने मेण वितळवलं. चिमट्याने सातवा दात उचलला. तो साच्यापर्यंत पोचेपर्यंत मेण थिजलं. पुन्हा सुरी, पुन्हा मेण. दात चिमट्यातून निसटला, टेबलावर वाजला. तिसऱ्यांदा त्यांनी डाव्या हाताने उजवा हात धरून पाहिला. मग दोन्ही हात थरथरू लागले. एवढा थरथरणारा हात मी कधी पाहिला नव्हता. मी सहानंतर येणारा माणूस होतो.

ते वहिनींकडे न बघता म्हणाले, "धर जरा."

वहिनींचा हात उठला. मी पाहिलं. दोन बोटं पुढे झाली होती. मग त्यांनी तो हात दुसऱ्या हातात घेतला आणि पोटाशी दाबून धरला.

"नाही."

"अगं, एकच मिनिट."

"नाही धरणार."

"शिक्षिकाबाईंना दात द्यायचेत."

"माहीत आहे मला. नाही."

तीन वर्षांत पहिल्यांदा त्या गोष्टीबद्दल घरात शब्द उच्चारला गेला होता. कवळीकर चिमटा धरून बसले. दिव्याची ज्योत त्यांच्या श्वासाने हलत होती. त्यांच्या नाकावरून घाम टेबलावर पडला, प्लास्टरच्या धुळीत त्याचा ठिपका झाला. मुलगी रडत होती, आवाज न करता. मला ओरडावंसं वाटत होतं की धरा ना हो, एकदाच धरा. मी ओरडलो नाही, एवढंच त्या दिवशी मी नीट केलं.

मग त्यांनी चिमटा खाली ठेवला. दिव्यावर झाकण ठेवायला त्यांना तीन वेळा प्रयत्न करावा लागला.

"दाढीचं सामान टाकलंस का?" त्यांनी विचारलं.

"टाकलंय," वहिनी म्हणाल्या.

गाडीत ते ताईंच्या आणि वहिनींच्या मध्ये बसले. मला जागा नव्हती. मी रस्त्यावर उभा राहिलो. काच खाली करून ते मला म्हणाले, "चष्मा पूस. धूळ बसलीय." गाडी गेली.

आज एकोणीस दिवस झाले. दुसऱ्या दिवशी त्यांना तिथे फिट आली. डॉक्टर होते, औषध होतं, निभावलं. घरी आली असती तर, असं बाई म्हणाल्या आणि वाक्य सोडून दिलं. नवव्या दिवशी त्यांनी फोन करून वहिनींना सांगितलं की मला घेऊन जा, इथली माणसं वेडी आहेत, मी आता बरा आहे. वहिनी नाही म्हणाल्या. फोन ठेवून त्या मोरीत जाऊन नळ सोडून बसल्या. मला ते वर ऐकू येत होतं. रिपोर्ट अजून चांगला नाही. भेटायला चार आठवड्यांनी सोडतात. ते मला भेटतील का, मला माहीत नाही. मी बाईंना विचारलं, ते बरे होतील ना? बाई म्हणाल्या, "आत जाणं एक, आत राहणं दुसरं, बाहेर येऊन राहणं तिसरं. तुमचं पहिलं झालंय." त्यांनी त्यापुढचं आश्वासन दिलं नाही.

त्या सोमवारी डॉक्टरांचा फोन आला होता. वहिनी म्हणाल्या, "ताप नाहीये त्याला. तो दारू सोडायच्या उपचाराला गेलाय. कधी येईल सांगता येत नाही." संध्याकाळी डॉक्टरांचा माणूस आला आणि फळीवरची बाकीची कामं दुसऱ्या लॅबसाठी घेऊन गेला. शिक्षिकाबाईंचं माप डॉक्टरांनी नव्याने घेतलं. त्यांची कवळी दुसरा कुणीतरी करतोय. टेबलावरची आता कुणाचीच नाही.

वहिनींना ती पूर्ण करता येईल. त्यांचा हात स्थिर आहे, काम त्या शिकलेल्या आहेत. मी तसं म्हणालोही. त्या म्हणाल्या, "नको. त्याचं काम आहे."

पुढचे सहा दात बसलेले आहेत. त्यातला एक जरासा वाकडा आहे. सातवा कवळीशेजारी टेबलावर आडवा पडलाय, जिथे सुटला तिथेच. उरलेले सात पट्टीवर आहेत.